डाव्या बाजूचा चोर

नावं ठेवण्यात आमचं वसईकडचं गास गाव पटाईत, आणि त्याला इलाजही नाही. एकाच आळीत सिप्रियन तुस्कानो नावाचे तिघे असतील तर हाक मारायची कशी? म्हणून एक बोका सिप्रू, एक लांब सिप्रू आणि तिसरा चोर सिप्रू. मी सांगतोय तो चोर. त्यानं आयुष्यात कुणाच्या वाडीतलं केळंसुद्धा उचललेलं नाही.

झालं असं, की ऐंशीच्या सुमारास गुड फ्रायडेला चर्चच्या मैदानात येशूच्या क्रुसावरच्या मरणाचं नाटक होतं. येशूच्या दोन्ही बाजूंना दोन चोर टांगतात. त्यातला उजवा, ज्याला पश्चात्ताप होतो तो, सिप्रू. त्याला वाक्य एकच: प्रभू, माझी आठवण ठेव. पण आमच्या जिभेला 'ण' जड. सिप्रू 'आठवन' म्हणायचा आणि नाटक बसवणारे मास्तर तेवढ्यासाठी तालमीत त्याचा जीव काढायचे. प्रत्यक्ष खांबावर चढल्यावर त्याला 'ण'ची अशी धडकी भरली, की त्यानं डाव्या चोराचं वाक्य ठोकून दिलं: देव आहेस ना, मग वाचव स्वतःला. त्यात 'ण' नव्हता. डाव्या बाजूच्या रॉबर्टला बोलायला काही उरलंच नाही. मधल्या व्हिक्टरनं मात्र पाठ केल्याबरहुकूम, टोमणा मारणाऱ्या सिप्रूलाच स्वर्गाचं वचन दिलं. पहिल्या रांगेत बसलेले फादरसुद्धा हसले.

तेव्हापासून सिप्रूला सगळे चोर म्हणतात. त्याचं कधी काही बिघडलं नाही.

मग तो काम करायचा तो कारखाना बंद पडला. वर्षभर घरी बसून सिप्रू पार खचला होता. अखेर वसई पूर्वेला एका गोदामाच्या किल्ल्या सांभाळायची नोकरी जुळून आली. फक्त गावात चौकशी व्हायची बाकी होती. त्यासाठी कंपनीनं चंदनसारच्या चंद्रहासला धाडलं. पोरगा सरळ होता, पण बोलणं अगदी छापील. त्यानं आळीच्या तोंडाशी कार्मिनबायला सिप्रियन तुस्कानोचं घर विचारलं.

"कुठला? चोर का?" कार्मिनबाय म्हणाली.

चंद्रहासनं स्कूटर बंद केली. चोर म्हणजे नेमकं काय केलं होतं, असं त्यानं विचारलं.

"एकदाच चुकला बिचारा. सगळ्या गावासमोर."

"पुढे पश्चात्ताप झाला का?"

"तोच तर व्हायचा होता. नाय झाला."

"बरोबर कोण होतं?"

"रॉबर्ट. तो आता बँकेत हाय. मधी व्हिक्टर, पन तो चोर नव्हता. त्याला उगाच टांगला."

कार्मिनबायच्या मनात पाप नव्हतं. ही गोष्ट आम्हाला इतकी पाठ, की जगात कुणाला ती ठाऊक नसेल हे आमच्या डोक्यातच येत नाही. तीच त्याला घरापर्यंत घेऊन गेली, आणि मागोमाग आम्ही आळीतले सगळे.

रिटानं, सिप्रूच्या बायकोनं, चांगले कप काढले होते. चंद्रहासनं चहाला हात लावला नाही.

"त्या जुन्या प्रकरणाविषयी तुमचं म्हणणं काय?" त्यानं विचारलं.

एका वाक्यात तीन 'ण'. उत्तरात आणखी किती येतील, ते सिप्रू बोटांवर मोजत बसला. रिटा कोपरानं ढोसत होती, पण हा गप्प. गप्प माणूस गुन्हेगारच दिसतो. चंद्रहासनं मान हलवली आणि तो उठला. रिटाचे डोळे भरून आले. मला त्या पोराचा नाही, त्या मेल्या मास्तरांचा राग आला.

स्कूटर सुरू झाली तेव्हा सिप्रू कुंपणापर्यंत धावला.

"सायेब," तो ओरडला, "माझी आठवन ठेवा."

कार्मिनबायनं कपाळावर हात मारला. "हेच! हेच बोलायचं होतं ना रे तुला त्या दिवशी, क्रुसावर!"

"क्रुसावर?" चंद्रहासनं विचारलं. मग आळीतल्या सगळ्यांनी एकदमच त्याला नाटक सांगितलं. तो स्कूटरवरच इतका हसला, की रिटाला दुसऱ्यांदा चहा टाकावा लागला. या वेळी त्यानं तो प्यायला.

सिप्रू आता गोदामाच्या किल्ल्या सांभाळतो. आळीनंही आपली चूक सुधारली. परवा पोस्टमननं पत्ता विचारला तेव्हा कार्मिनबायनं नीट सांगितलं: सिप्रियन ना? उजवा चोर. तिसरं घर.