एक डोळा झाकून

सिनेमे बघायला, चार पुस्तकं वाचायला स्वस्तातला एखादा टॅब घ्यावा म्हणून दुकानात गेले होते. शेजारी एक वयस्कर गृहस्थ प्रत्येक टॅबवर बातम्यांचं पान उघडत होते, तळहातानं एक डोळा झाकून वाचत होते, मग दुसरा झाकून. विक्रेती मुलगी हसली. "काका, दोन्ही डोळ्यांनी बघा की!"

मला हसू आलं नाही. काचबिंदू झाल्यावर आमचे अण्णा रोज सकाळी असेच एक डोळा झाकून कॅलेंडरसमोर उभे राहायचे. तारीख बघायला नव्हे. काल दिसलेलं आज दिसतंय ना, एवढंच बघायला. हा आजार दुखत नाही, सांगून येत नाही, कडेकडेनं उजेड कुरतडत राहतो. वडिलांना असला की मुलांनाही होऊ शकतो, तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. मी अजून गेलेली नाही.

"मॅडम, वाचायला हा मोठा बरा पडेल." मुलीनं टॅब माझ्यासमोर धरला. माझा हात आपसूक वर गेला. उजवा डोळा झाकला. अक्षरं स्वच्छ दिसली. हात डाव्या डोळ्याकडे निघाला आणि वाटेतच थांबला.

"हाच द्या," मी घाईनं म्हटलं.