एकोणिसाव्या भागाखालच्या कमेंट्स

असे गूढ अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. वाचून झालं की मनातल्या मनात कारण शोधायचं – याला ताप असेल, त्याला भास झाला असेल – आणि विसरून जायचं. मी हिंगोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सोळा वर्षं रक्त तपासतेय. स्लाइडवर दिसतं ते लिहायचं, दिसत नाही ते लिहायचं नाही, अशी सवय लागलेली. घरात देव नाहीत, अंगारे नाहीत. सकाळी बुद्धवंदना, बास. कोणी 'बाहेरचं झालंय' म्हणालं की माझे बाबा तिथून उठून जायचे. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय... पण लिहिते.

घरात आम्ही दोघंच. आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा त्र्याहत्तरचे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. मी एका वाचनाच्या ॲपवर कादंबरी लिहीत होते, 'आठ माणसं, एक बोअर' नावाची. एका तापानं जवळजवळ सगळं जग संपलंय. लाइट नाही, दुकानं नाहीत, वाशीम रोडवर ट्रक जागच्या जागी गंजलेत. कनेरगाव नाक्याजवळ आठ माणसं एका बोअरच्या पाण्यावर जगतायत. बोअर आटते आणि ती सिद्धेश्वर धरणाकडे चालत निघतात. वाटेत जे जे होतं ते भयानक आहे, मी हात आखडता घेतला नव्हता.

वाचक बरे मिळाले. लॅबमध्ये दुपारी सॅम्पल कमी झाले की मी कमेंट्स वाचत बसायची. 'ताई, पुढचा भाग लवकर टाका' तर रोजचंच. एकानं लिहिलं, 'हिंगोलीत काय आहे? मुंबईत दाखवा, वेब सिरीज निघेल.' वाशीमच्या एकानं लिहिलं, 'कनेरगावच्या ढाब्यावर मी रोज चहा पितो. आता तिथं प्रेत दिसायला लागलंय, भरपाई द्या.' मजा यायची.

एकोणिसाव्या भागात मी गयाबाईला मागे सोडलं. गयाबाई म्हणजे आठांपैकी सगळ्यात म्हातारी, गुडघ्यांनी अधू. तिला घेऊन चालणं शक्य नसतं. बाकीचे सात जण तिला शेतातल्या एका खोलीत बसवतात, पाण्याचा हंडा आणि थोडं पीठ ठेवतात, 'आठ दिवसांत न्यायला येतो' म्हणतात आणि निघतात. येणार नाहीत हे तिलाही माहीत असतं.

त्या भागाला आल्या तेवढ्या कमेंट्स कधीच आल्या नव्हत्या. कोणी रडलं, कोणी मला शिव्या घातल्या. 'जगायचं तर हेच करावं लागतं' असंही दोघा-चौघांनी लिहिलं, त्यावरून त्यांची आपसात जुंपली. त्या गर्दीत एक कमेंट होती. फोटो नाही, नाव नुसतं 'वाचणारी'.

'हंड्यावर झाकण न्हाई ठिवलं. पाण्यात माती पडली.'

मला आवडलं. एवढ्या बारकाईनं कोण वाचतं? मी उत्तर दिलं, 'झाकणाचं राहिलंच, धन्यवाद.'

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा. 'खोलीला खिडकी न्हाई. भितीत दिवळी हाय, तिच्यात मीठ हाय.'

आता मात्र मी चमकले. गयाबाई भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेलं मीठ चाटते असा प्रसंग मी लिहिला होता – पण विसाव्या भागात, आणि तो भाग अजून माझ्या लॅपटॉपमध्येच होता. कोणाला वाचायला दिला नव्हता. कोणीतरी माझं अकाउंट उघडून ड्राफ्ट वाचतंय, असं मी धरून चालले. पासवर्ड बदलला. मग लॅबमधल्या अश्विनीला, माझ्या बरोबरच्या टेक्निशियनला, विचारलं, "तू माझा लॅपटॉप उघडला होता का?" ती म्हणाली, "मॅडम, मला तुमची स्टोरी वाचून जेवण जात नाही. मी कशाला उघडू?"

तिसरी कमेंट शनिवारी आली.

'दार लावलं अन् भायेरून जात्याची तळी टेकवली. तेवढं लिहा.'

तळी म्हणजे जात्याचा खालचा, जड दगड. माझ्या कादंबरीत जातं कुठेच नव्हतं. ड्राफ्टमध्येही नव्हतं.

रविवारी जेवताना मी बाबांना सहज सांगितलं. बाबा माझी कादंबरी वाचत नाहीत. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. म्हटलं, "बाबा, एक वाचणारी आहे, ती मलाच माझी गोष्ट शिकवायलीय. म्हणे म्हातारीला आत ठेवलं आणि दाराला बाहेरून जात्याची तळी लावली."

बाबांचा घास हातातच राहिला.

"काय लावली म्हणली?"

"जात्याची तळी."

त्यांनी घास ताटात ठेवला. हात धुतले. दाराकडं बघत बसले. मला वाटलं शुगर कमी झाली, मी साखर आणायला उठले. तर म्हणाले, "बस. मला काही झालं न्हाई. तुला मोठीमाय ठाऊक हाय?"

नावानं ठाऊक होती. बाबांची थोरली चुलती, विधवा, मूलबाळ नाही. बाबांना तिनंच वाढवलं. दुष्काळात तापानं गेली, एवढंच घरात सांगितलं जायचं.

"ताप न्हाई आला तिला," बाबा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. दुष्काळाच्या साली कनेरगावकडची आमची सगळी वस्ती उठून गेली होती. बाबा तेव्हा वीस वर्षांचे. लांब खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं, तिथं सुकडी खायला मिळायची. मोठीमायचे गुडघे गेलेले. तिला पाठीवर घेऊन बाबा एक कोसभर गेले, मग तीच म्हणाली, मला घरी ठेव, आठ दिवसांनी गाडी घेऊन ये. त्यांनी तिला परत आणून घरात बसवलं. हंडा भरून ठेवला. पत्र्याचं दार होतं, कडी नव्हती. ते लावून बाहेरून जात्याची तळी टेकवली.

"मग?" मी विचारलं.

"मग मी आठ दिवसांनी न्हाई गेलो."

"सोडलं नाही का कामावरून?"

"कोणी धरलं नव्हतं. तिथं रोज खायला भेटत होतं, बाई. जागा गेली असती तर पुन्हा भेटली नसती. आज जाऊ, उद्या जाऊ... दीड महिन्यानं गेलो. तळी होती तशीच होती."

मी ताटं उचलून बाजूला ठेवली.

"हे कोणाकोणाला माहितीय?"

"तुझ्या आईला बी न्हाई. मीच माती दिली, मीच ताप म्हणून सांगितलं. तवा वस्तीत दुसरं माणूस नव्हतं."

मी फोन काढून तिन्ही कमेंट्स त्यांना वाचून दाखवल्या. झाकणाची ऐकून त्यांनी डोळे मिटले, मिठाची ऐकून होकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "उत्तर देता येतं का हिला? मी सांगतो तसं लिही."

मला ते बरोबर वाटत नव्हतं. कोणीतरी खोडी काढतंय असं अजूनही वाटत होतं. पण बाबांचा चेहरा बघून मी टाइप केलं. त्यांनी एकच वाक्य सांगितलं – 'तळी म्या लावली होती. तुला भायेर येता आलं नसंल.'

सोमवार गेला. मंगळवारी दुपारी, मी सीबीसीच्या रिपोर्टवर सही करत असताना नोटिफिकेशन आलं.

'तिसऱ्या दिशी कुत्रे आले होते. तळी हलली न्हाई.'

मी लॅब अश्विनीवर सोडून घरी गेले. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, मग फोन स्वतःच्या हातात घेतला आणि चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं.

"कुत्र्याचं तू लिहिलं होतं का?"

"नाही."

"म्या तुला सांगितलं होतं?"

"नाही, बाबा."

"कुत्र्यासाठीच लावली होती," ते म्हणाले. "तवा कुत्रे माणसाच्या अंगावर येत होते. म्हणून लावली. पन पन्नास वर्षं मला वाटून राहिलं, तिला वाटलं असंल की म्या कोंडून गेलो."

आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना रडताना पाहिलं. आई गेली तेव्हाही ते रडले नव्हते.

त्यानंतर मी जे जे करता येईल ते केलं. ॲपवाल्यांना मेल केला. उत्तर आलं की खातं खरं आहे, त्यावरून फक्त माझीच कादंबरी वाचली गेलीय, बाकी माहिती देता येणार नाही. कनेरगावकडच्या दोन नातेवाइकांना फिरवून फिरवून विचारलं. त्यांना 'ताप' एवढंच ठाऊक. बाबा झोपेत बोलले असतील आणि मी लहानपणी ऐकलं असेल, असंही मनाला समजावून पाहिलं. त्यानं गयाबाई कुठून आली ते कळेल. मीठही कळेल. पण त्या कमेंट्स कोण लिहील? 'वाचणारी'कडून पुन्हा काही आलं नाही.

मी बाबांना म्हटलं, विसाव्या भागात सातही जणांना गयाबाईकडे परत पाठवते, वाचकांनाही तेच हवंय. बाबा म्हणाले, "न्हाई. गेले न्हाईत ते. तसंच ऱ्हाऊ दे." मी तसाच भाग टाकला. वाचकांना आवडला नाही.

ही खोडी असेल तर कोणाची, आणि नसेल तर काय होतं – मला सांगता येत नाही. बाबा तो विषय काढत नाहीत. फक्त रात्री जेवण झालं की शेजारी येऊन बसतात आणि विचारतात, "आलं का काही?" मी नाही म्हणते. त्यांना तिला अजून एक विचारायचंय, हे मला कळतं. ती त्या खोलीत किती दिवस जिवंत होती... परवा मी फोन पुढे करून म्हटलं, "सांगा बाबा, मी लिहिते."

त्यांनी तोंड उघडलं. मग उठून आत गेले.