राहिलेली ओवाळणी

उपेंद्र खोटं बोलत नसे. यात कौतुक करण्यासारखं फार नव्हतं, त्याला ते जमतच नसे. साहेबाच्या बायकोने केक पाठवला की सगळं ऑफिस "लव्हली, लव्हली" करायचं आणि हा गृहस्थ म्हणायचा, "जरा कोरडा झालाय." समोर बसणारा शिरीष त्याला 'सोवळा' म्हणायचा.

परदेशात, गॉलवेजवळच्या एका खेड्यात तो भाड्याच्या घरात राहायचा. एका बाजूला म्हातारा मार्टिन आणि त्याचा कुत्रा शेप. दुसऱ्या बाजूला जयदीप, नेत्रा आणि त्यांची सहा वर्षांची तन्वी. जयदीपची नोकरी पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, चेरीवूडला, तो शुक्रवारी रात्रीच घरी उगवायचा. नेत्राचा भाऊ नागपुरात आणि उपेंद्रला बहीणच नाही, तेव्हा भाऊबीज दरवर्षी नेत्राकडे ठरलेली.

२००४ च्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर त्याने खिशातून पाकीट काढलं, तर तिने तबक मागे घेतलं.

"पैसे नकोत, दादा. ओवाळणी राहू दे तुमच्याकडे. हवं ते मागेन कधीतरी."

"माग की," तो म्हणाला. असा मोकळा शब्द देऊ नये, हे शहाण्यासुरत्या माणसाला कळायला हवं होतं.

तिने दहाव्या दिवशी मागितलं. उपेंद्र सर्दीने घरीच होता. ती दारात उभी राहिली तीच रडत. तन्वीला शाळेतून आणायला निघाली होती, वळणावर शेप गाडीखाली आला. घाबरून ती थांबलीसुद्धा नाही. कोणीतरी गाडीचा नंबर दिला आणि तासाभरात पोलीस, म्हणजे तिथले गार्डा, घरी. तिच्याकडे शिकाऊ परवाना. पक्का परवाना असलेलं माणूस शेजारी बसलेलं लागतं. तशा एकट्या गाडी चालवणाऱ्या बायका गावात डझनभर होत्या, पण त्यांच्या गाडीखाली कुत्रं आलं नव्हतं.

"मी त्यांना सांगून बसले, तुमचा परवाना पक्का आहे आणि तुम्ही शेजारी होतात म्हणून. दादा, आमचे राहायचे कागद अजून व्हायचेत. कोर्टाचं लचांड मागे लागलं तर? ओवाळणी राहिलीय ना? ती आज मागतेय."

उपेंद्रचं डोकं बधिर झालं. नाही म्हणावं तर बहिणीचा संसार, हो म्हणावं तर आयुष्यभराचं सोवळं. शिवाय बिचारा शेप तर गेलाच होता, आता खरं बोलून तो थोडाच उठणार होता? गार्डा आला, त्याने विचारलं, आणि उपेंद्र "हो, मी शेजारी होतो" असं इतक्या सहज म्हणाला, की त्याचा त्यालाच धक्का बसला. गार्डाने लिहून घेतलं, "ग्रँड", म्हणजे झकास, म्हणाला आणि गेला. बस्स, एवढंच असतं होय, असं उपेंद्रला वाटलं. त्याची त्याला भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी मार्टिनने दार वाजवलं. एरवी तो शनिवारी बटाट्यांची पिशवी घेऊन यायचा आणि हवेबद्दल बोलत बसायचा. आज हात रिकामे होते.

"तू गाडीत होतास म्हणे. भांडायला नाही आलो मी. एवढंच सांग, शेप लगेच गेला का रे? त्रास नाही ना झाला त्याला?"

उपेंद्रने काल एक खोटं बोलून बघितलं होतं. हे दुसरं तर निव्वळ दयेपोटी होतं. यात कसलं आलंय पाप?

"लगेच," तो म्हणाला. "काही कळलंसुद्धा नाही त्याला."

मार्टिनने पायपुसण्यावर पुसलेले बूट पुन्हा एकदा पुसले.

"मी पोचलो तेव्हा जिवंत होता तो," तो म्हणाला. "अर्धा तास माझ्या मांडीवर होता. मला वाटलं, तू म्हणशील की त्याला सोडून गेलो, चुकलं. त्याचं केकाटणं माझ्या घरापर्यंत आलं होतं, गाडीतल्या माणसाला ऐकू आलंच असतं. म्हणजे तू तिथे नव्हतासच."

उपेंद्रने दार आणखी उघडलं, पण मार्टिन आत आला नाही.

"गार्डाला मी काही सांगणार नाही. नेत्रापाशी निदान तू तरी होतास. शेपपाशी कोणी नव्हतं." आणि तो फाटकाकडे चालू लागला.

उपेंद्रला त्याच्यामागे धावावंसं वाटलं. पण धावून सांगायचं काय? खरं सांगावं तर ते त्याला कळलंच होतं. माफी मागावी तर कशाची, पहिल्या खोट्याची की दुसऱ्या? नेत्राला वाचवलं ते चांगलं की वाईट, हे त्याने दिवसभर उलटसुलट करून पाहिलं. संध्याकाळी नेत्राने गरम गरम साबुदाण्याची खिचडी पाठवली, ती त्याने निमूट खाल्ली. छान झाली होती, आणि याचाही त्याला राग आला.

शनिवारी तो सकाळपासून पुढच्या खोलीत बसून होता. काय बोलायचं ते चार वेळा मनाशी घोकून झालं होतं. अकरा वाजले तरी दार वाजलं नाही, तेव्हा त्याने ते उघडून पाहिलं. पायरीवर बटाट्यांची पिशवी ठेवलेली होती.