काय तोडायचंय?

मंडळी, डाव्या हाताने टाइप करतोय, उजव्याला टाके पडलेत. चुका पोटात घाला.

सारोळ्यात हायवेला आमचं कोयत्या-विळ्यांचं दुकान आहे. भातकापणी उरकली की हिवाळ्यात गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून मी सायबर कॅफेत बसून आमची वेबसाइट सुधारायला घेतली. कोयत्याचे चकचकीत फोटो टाकले. खाली लिहिलं, 'एका घावात खल्लास!'

आज दुपारी पुण्याहून गाडी आली. तिघं उतरले. "साइटवरचा तो कोयता द्या, पण आखूड. शर्टाच्या आत मावला पाहिजे."

माझ्या वडिलांची, आबांची, जन्माची सवय आहे. काय तोडायचंय ते विचारल्याशिवाय लोखंड भट्टीत घालत नाहीत. बाभूळ, बांबू, नारळ, प्रत्येकाला कोयता वेगळा. त्यांनी विचारलं, "काय तोडायचंय?"

"माणूस," एकजण हसत म्हणाला.

आबांनी घण उचलला आणि थेट गाडीच्या काचेवर घातला. "निघा हितनं!"

दुसऱ्याने फळीवरचा कोयता घेऊन आबांवर उगारला. मी मध्ये हात घातला. रक्ताची चिळकांडी बघून पळाले हरामखोर! असल्यांसाठी मी त्या कॅफेत डोळे फोडले. आणि लागला तो आमचाच कोयता, आमचीच धार.

दवाखान्यात आबा एवढंच बोलले, "म्या त्यास्नी इचारलं. तुज्या साइटीनं इचारलं व्हतं का?"

येताना कॅफेत थांबून ती 'खल्लास'ची ओळ पुसली. आता ऑर्डरच्या पानावर पहिलाच प्रश्न टाकलाय: काय तोडायचंय?

पण तुम्हीच सांगा, तिथे कुणी खरं लिहील का?