सात वळणांच्या दोन गोधड्या

माझ्या शेजारणीने माझ्या गोधडीची नक्कल केली होती का, एवढ्या एका प्रश्नासाठी मी त्या वर्षी फेब्रुवारीत एक स्वतंत्र वही घातली होती. प्रश्न लहान आहे, हे मान्य. पण त्याच्या उत्तरावर एका बाईची मंडळातली जागा अवलंबून होती आणि उत्तर देण्याचे काम माझ्याकडे आले होते. म्हणून ते मी कसे काढले आणि कुठे चुकले, ते क्रमाने सांगते.

आधी मंडळाविषयी. नव्वदीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गुडगावच्या एका नव्या इमारतीत आठव्या मजल्यावर राहायला आलो होतो. दिल्ली, नोएडा आणि गुडगाव मिळून आम्ही अकरा मराठी बायका दर तीन महिन्यांनी एकत्र जमत असू. मंडळाच्या प्रमुखांना सगळ्या ताई म्हणत. त्या बंद पाकिटातून एक विषय देत आणि त्या विषयावर प्रत्येकीने दोन हात लांब, दीड हात रुंद अशी एक गोधडी करायची. ही गोधडी पांघरायची नसते, भिंतीवर टांगायची असते. हे आमच्या घरी समजायला वेळ लागला. "एवढीशी? पाय बाहेर राहणार," असे आमचे हे पहिल्या वेळी म्हणाले होते.

नियम तीन होते. कल्पना स्वतःची हवी. सगळ्या गोधड्या एकत्र उघडण्याच्या दिवसापर्यंत ती कोणाला दाखवायची नाही. आणि नक्कल सिद्ध झाली, तर त्या बाईला पुढचे पाकीट मिळणार नाही.

त्या खेपेचा विषय होता 'वाट'. डोंगरातली वाट, शेतातली वाट, पंढरीची वाट बाकीच्या करतील, असा माझा अंदाज होता आणि तो बहुतेक खराही ठरला. मी माझ्या रोजच्या चालण्याची वाट घेतली. सकाळी उठल्यावर पलंगापासून बोळातून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, तिथून जेवणाच्या टेबलाला वळसा घालून बाल्कनीपर्यंत. शाळेत शिकवताना नेसत असे त्या निळ्या सुती साडीचे तीन थर घेतले आणि त्यांवर तांबड्या दोऱ्याने एकच अखंड रेघ घातली. भिंती नाहीत, दारे नाहीत, फक्त रेघ. सहा वळणे झाली. शेवटचा भाग मला फार सरळ, फार उघडा वाटला. म्हणून केवळ तोल साधण्यासाठी तिथे एक छोटा फुगवटा दिला. ते सातवे वळण. ते खरे नव्हते, मी रचलेले होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

गोधडी पुरी झाल्यावर मी ती दोन दिवस सकाळी बाल्कनीत उन्हाला घातली. उन्हात गोधडी उलटी घालायची, म्हणजे रंग उडत नाही, ही आमच्या घरची पद्धत. शिवाय उलटी घातली की नक्षी झाकली जाते, असे मी धरून चालले. इथे माझी पहिली चूक झाली. धावदोरा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. चाळीस वर्षे सुई हातात धरणाऱ्या बाईला हे सांगावे लागू नये.

शेजारीण तिशीची होती, पुण्याची. नवरा संगणकाच्या कंपनीत, सासूबाई सोबत. आमच्या बाल्कन्यांमध्ये छातीइतकी उंच भिंत होती, बस. मंडळात तिला मीच आणले होते. तरी दीड वर्षात तिने मला बाहेरच्या खोलीच्या पुढे कधी येऊ दिले नव्हते. चहा तिथेच, गप्पा तिथेच. आतले दार लोटलेले. सासूबाईंविषयी विचारले, की "त्या झोपल्यात" हे ठरलेले उत्तर. सकाळी अकराला झोपलेल्या, संध्याकाळी पाचलाही झोपलेल्या. हे मला तेव्हाही खटकत असे.

उघडण्याच्या दिवशी ताईंच्या घरी लांब टेबलावर अकरा गोधड्या पसरल्या. माझ्या निळ्या गोधडीपासून चौथी तिची होती. हिरव्या कापडावर जाड पिवळी दोरी टाचलेली, करंगळीएवढी जाड. पहिल्यांदा मनात आले, एवढी जाड दोरी लावली म्हणजे हाताची कच्ची शिवण झाकली जाते. मग मी वळणे मोजली. सात.

वळणे माझीच होती, पण उलट्या दिशेने. माझी वाट जिथे डावीकडे वळत होती, तिथे तिची उजवीकडे.

मी माझी गोधडी उचलली, पालथी केली आणि तिच्या गोधडीच्या शेजारी ठेवली. दोन्ही रेघा वळणाला वळण जुळल्या. मग नोएडाच्या एका बाई म्हणाल्या, "अरे वा! शेजारी राहून एकाच सुईनं शिवलंत की काय?"

"बिल्कुल कॉपी आहे यार," दुसरीने म्हटले, पुरेसे हळू आणि पुरेसे ऐकू येईल असे.

शेजारणीचा चेहरा उतरला. "मी नाही बघितलं काही," एवढेच ती म्हणाली. कल्पना कुठून सुचली, हे ताईंनी दोनदा विचारले. तिने दोन्ही वेळा मान खाली घातली.

ताईंनी निकाल माझ्यावर टाकला. "तुम्ही शाळेतल्या. पेपर तपासण्यात आयुष्य गेलं तुमचं. आठ दिवसांत लेखी कळवा. दिल्लीत कोपर्निकस मार्गाजवळ आपल्या गोधड्यांचं प्रदर्शन आहे, तिथे या दोन्ही तर जाऊ शकत नाहीत."

परतीच्या टॅक्सीत आम्ही दोघी मागच्या सीटवर होतो, मध्ये दोन गुंडाळ्या. महिपालपूर आल्यावर तिने विचारले,

"काकू, रागावलात का?"

"राग कसला? मी फक्त विचार करतेय."

"तुमचा विचार जास्त भीतीदायक असतो," ती म्हणाली आणि हसण्याचा प्रयत्न करून खिडकीबाहेर पाहू लागली.

वहीत मी पुरावे मांडले. बाल्कनी लागून आहे. गोधडी उलटी होती आणि तिची नक्षीही उलटी आहे. जानेवारीत तिने "काकू, हा तांबडा दोरा कुठे मिळाला?" असे विचारले होते. आतले दार नेहमी बंद. विचारल्यावर खुलासा नाही. या सगळ्यांवर मी सातवे वळण ठेवले. परीक्षेतली नक्कल बरोबर उत्तरांवरून कधी पकडू नये, हे मी नव्या शिक्षिकांना नेहमी सांगत असे. बरोबर उत्तर दोघींचे सारखे येऊ शकते. चूक सारखी आली, की समजावे. माझे सातवे वळण ही मी मुद्दाम केलेली चूक होती. ती तिच्या कापडावर नेमकी त्याच जागी आली होती. याहून स्पष्ट काय हवे?

मी पत्र लिहिले. चार ओळींचे, स्वच्छ. पण समोरच्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय शाळेत मी कोणाचा पेपर रद्द केला नव्हता. म्हणून सहाव्या दिवशी दुपारी, पत्र पर्समध्ये ठेवून, मी शेजारची बेल दाबली. बेल वाजली नाही, कारण वीज गेली होती. दार ठोठावले. ते नुसते लोटलेले असावे, उघडले. आणि दीड वर्षात प्रथमच आतले दारही उघडे होते.

बोळात सासूबाई उभ्या होत्या. डाव्या हातावर ती हिरवी गोधडी टाकलेली, उजव्या हाताचे बोट पिवळ्या दोरीवर. बोट थोडे पुढे सरके, मग त्या एक पाऊल टाकत. बोट वळे, मग त्या वळत.

"कोण? शाळेच्या बाई का?" त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारले. "चपलांवरून ओळखलं. उगाच घासत नाही तुम्ही पाय."

शेजारीण स्वयंपाकघरातून धावत आली, पिठाचे हात तसेच. माझ्याकडे बघून थबकली.

"आता बघितलंच त्यांनी, तर सांग," सासूबाई म्हणाल्या. "मीच हिला शपथ घातली होती, बाई. दोन्ही डोळे गेलेत माझे, इथे यायच्या आधीच. आंधळी म्हातारी आहे घरात, असं सोसायटीभर व्हायला नको. म्हणून मी सदा झोपलेली."

"आईंना हे घर पाठच होईना. सारख्या आपटायच्या," शेजारीण म्हणाली. "विषय आला वाट, तर म्हटलं, त्यांच्या बोटांना पाठ होईल अशीच करू. पलंग ते स्वयंपाकघर, तिथून टेबलाला वळसा घालून बाल्कनीतली खुर्ची. हे मी तिकडे कसं सांगणार होते, काकू?"

घराकडे मी तेव्हा नीट पाहिले. आमचेच घर, उलटे. आमचे दार डावीकडे तर यांचे उजवीकडे. मधली भिंत एक आणि तिच्या दोन्ही अंगांना सगळे आरशातल्यासारखे. सममिती हा धडा मी पंचवीस वर्षे शिकवला होता. पलंगसुद्धा त्याच जागी होता, कारण बिल्डरने दिव्याचे बटण त्या एकाच भिंतीला दिले होते.

पण मला खरे सांगायचे असेल तर हेही सांगितले पाहिजे, की माझी शंका फिटली नाही. सहा वळणांचा उलगडा झाला. सातवे उरलेच. ते मी मनाने रचलेले होते, मग ते यांच्याकडे कसे आले? म्हातारीसाठी गोधडी हवी होती हे खरे, आणि तरीही रेघ बाल्कनीतून उचललेली असू शकते. मी बोट ठेवून विचारले, "इथे का वळवलीस?"

"मला काय माहीत? आई तिथे वळतात, म्हणून."

"वळले नाही तर खांदा फुटेल माझा," सासूबाई म्हणाल्या, दोरीवर बोट ठेवून बाल्कनीच्या बाजूला गेल्या आणि भिंतीवर थाप मारली. "खांब आहे इथे. वीतभर पुढे आलाय. तुम्हां डोळसांना दिसत नाही वाटतं?"

मी घरी आले. आमच्या भिंतीवर त्याच जागी कॅलेंडर होते. कॅलेंडर काढले. मागे खांब होता, भिंतीच्याच रंगाचा, वीतभर पुढे आलेला. दोन वर्षे मी त्याच्यावर तारखा बघत होते. पण एवढ्यावर समाधान मानणे बरोबर नव्हते. खांब आहे म्हणजे मी त्याला वळसा घालते, असे सिद्ध होत नाही. म्हणून बादलीत पाय भिजवले आणि नेहमीसारखी, भाजीचा विचार करत, बाल्कनीपर्यंत चालत गेले. मग मागे वळून पाहिले. ओल्या पावलांची रांग सरळ येत होती. खांबापाशी ती बाहेर सरकली आणि पुन्हा रेषेत आली.

"काय चाललंय?" हे वर्तमानपत्रातून डोके काढून म्हणाले. "फरशी पुसलीस की भिजवलीस?"

मी तोलासाठी म्हणून रचलेले वळण माझ्या पायांनी रोज घेतले होते. माझी चूक ही चूकच नव्हती.

जुने पत्र फाडले आणि नवे लिहिले: दोन्ही गोधड्या स्वतंत्र आहेत, याची मी स्वतः खात्री केली आहे. कारण लिहिता येत नाही. सासूबाईंची शपथ आता माझ्यावरही होती.

ताईंचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. "कारण लिहिता येत नाही म्हणजे? पेपरावर असं चाललं असतं तुम्हाला?"

"नसतं चाललं."

"मग दोघींनी मिळून ठरवलंय असंच सगळ्या म्हणणार. मीसुद्धा, खरं सांगू का, तेच म्हणतेय."

शेजारणीची जागा राहिली, कारण नक्कल सिद्ध झाली नव्हती. प्रदर्शनाला मात्र दोन्ही गेल्या नाहीत. पुढची दोन वर्षे आमच्या गोधड्या टेबलाच्या दोन टोकांना ठेवल्या जात आणि कोणीतरी वळणे मोजताना दिसे. मी त्यांना दोष देत नाही. मीही मोजली असती.

सासूबाई जाऊन बरीच वर्षे झाली. शेजारणीने लिहायला परवानगी दिली, म्हणून लिहिले. तरी माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नये, अशी विनंती आहे. आज रात्री कागदावर पलंगापासून बाल्कनीपर्यंतची, नाहीतर दारापर्यंतची, आपली वाट एका रेघेत काढावी. उद्या सकाळी पाय भिजवून ती चालावी आणि पावले रेघेशी ताडून पाहावीत. आणि भिंतीपलीकडे कोणी राहत असेल, तर त्यांच्याकडूनही तशीच रेघ मागून घ्यावी. मगच ठरवावे.