मॅनचं अनेकवचन

मांडव्याच्या कोळीवाड्यात चांगदेव मास्तरांइतकं इंग्रजी दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं, आणि मास्तरांचंही इंग्रजी दोन इयत्तांचंच. अलिबागेला मामाकडे राहून तेवढं झालं, मग वडील गेले आणि शाळा सुटली. पण वाड्यातल्या बायका एकमेकींना सांगायच्या, "आपला मास्तर सायबाच्या भाषेत लिवतं." ते कानावर आलं की मास्तरांना बरं वाटायचं. आपल्याला नेमकं किती येतं, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

१९२६ सालच्या माघात नीराबाईचे दोन्ही मुलगे, थोरला गुणाजी आणि धाकटा शिवदास, मिठागराच्या बांधावर पकडले गेले. मासळी खारवायला नेत होते ते मीठ विकतचं होतं, पण पावती पाण्यात पडली होती. दोघांना अलिबागेच्या कोठडीत घातलं. मिठाच्या खात्याचा साहेब गोरा होता, नवा होता. त्याची खात्री पटली तर खटला न भरता सोडील, असं कळलं आणि नीराबाई मास्तरांच्या ओटीवर येऊन बसली.

"मास्तर, माजी पोरां चोर न्हाय. तुमी लिवा सायबाला."

"लिहितो, नीराकाकी. रडू नका."

मास्तर लिहायला बसले. माणूस म्हणजे मॅन. अनेकवचन करायचं तर नामाला शेवटी एस लावायचा, बोटचं बोट्स, नेटचं नेट्स, हे त्यांना पाठ होतं. पण एकदा वहीत 'मॅन्स' लिहिलं होतं ते शिक्षकांनी लाल शाईनं खोडलं होतं. त्याच्यावर काय लिहिलं होतं ते काही केल्या आठवेना. चूक नको म्हणून त्यांनी नुसतं 'मॅन' ठेवलं आणि त्याला जुळेल असं एकवचनी क्रियापद लावलं. विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं काढायचं, हे मात्र पक्कं ठाऊक होतं. त्यांनी वळणदार अक्षरात दोन्ही नावं शेजारी शेजारी मांडली, गुणाजी शिवदास. मध्ये 'अँड' घालायचं सुचलंच नाही. वाड्यात तर सगळे तसंच म्हणायचे. नीराबाईनं खाली अंगठा उठवला.

चौथ्या दिवशी गुणाजी एकटाच घरी आला.

मास्तर तडक चालत अलिबागेला गेले. कचेरीतल्या बाळाजी कारकुनानं अर्ज काढून त्यांच्यापुढे धरला. "यात एकाच माणसासाठी विनंती आहे. हा माणूस निर्दोष आहे, याला सोडा. नाव गुणाजी, बापाचं नाव शिवदास. साहेबांनी त्याला सोडला. दुसऱ्याबद्दल यात अक्षर नाही."

"दोन माणसं म्हणायचं होतं मला."

"मग मेन लिहायचं, मास्तर. मॅनचं मेन होतं," कारकून म्हणाला. हसला नाही, तेच मास्तरांना जास्त लागलं. "साहेब सोमवारी दौऱ्यावर निघतात. त्याआधी दुसरा अर्ज आणा, म्हातारीचा अंगठा घेऊन."

तो गुरुवार होता. वाट चालताना मास्तर मनात नवा अर्ज जुळवत होते. पण अंगठा घ्यायचा म्हणजे नीराबाईला पहिला अर्ज चुकला हे सांगायला हवं होतं. ती दारातच उभी होती.

"काय म्हनला सायेब?"

"चौकशी चालू आहे, काकी," मास्तर म्हणाले.

शुक्रवारी सांगू म्हटलं, तर ओटीवर शेजारीण होती. शनिवारी नीराबाईनं, गुणाजी सुटून आला म्हणून, त्यांना जेवायला बोलावलं, पापलेटाची मोठी तुकडी त्यांच्या पानात वाढली, आणि मास्तर मान खाली घालून जेवले. रविवार गेला. साहेब दौऱ्यावर गेला आणि खटला उभा राहिला. शिवदासला तीन महिन्यांची सजा झाली. साहेबानं एकाला सोडलं आणि एकाला ठेवलं, म्हणजे धाकट्यानं काहीतरी केलंच असणार, असं वाड्यानं गृहीत धरलं. केसर नावाच्या मुलीशी त्याची सोयरीक ठरली होती, ती मोडली.

मास्तरांनी अलिबागेहून इंग्रजी व्याकरणाचं जुनं पुस्तक आणलं. वुमन, चाइल्ड, फूट, टूथ, एस न लावता रूप बदलणारी सगळी नामं त्यांनी घोकून काढली. जे आधी यायला हवं होतं ते आता येत होतं, आणि प्रत्येक शब्दाला त्यांचा चेहरा गरम व्हायचा.

शिवदास सुटून आला त्या आठवड्यात मास्तर त्याच्या अंगणात गेले. तो जाळं विणत बसला होता. नीराबाई बोंबील वाळत घालत होती. मास्तरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, मॅन, मेन, बापाचं झालेलं नाव, आणि ते चार दिवसही.

नीराबाईला व्याकरण कळलं नाही, पण चार दिवस कळले. "मंग त्या शनवारी तुमी आमच्यात जेवलाव कसं?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता.



शिवदासनं हातातली सुई थांबवली नाही. "चूक सगल्यांची व्हते," तो म्हणाला. "येऊन सांगायचं व्हतं ना, मास्तर. आयेनं दुसरा अंगठा दिला असता."

मास्तरांनी मग गावकीच्या बैठकीत उभं राहून चूक कबूल केली. शिवदासवरचा बोल गेला, पण केसरचं लग्न तोवर रेवसला होऊन गेलं होतं. लोकांनी मास्तरांना दूषण दिलं नाही. इंग्रजी अवघडच असतं, असं म्हणाले, आणि अर्ज लिहून घ्यायला येत राहिले. मास्तर आता प्रत्येक अर्ज मराठीत उलगडून सांगून, समोरच्यानं होय म्हटल्याशिवाय अंगठा घेत नसत.

शिवदास मात्र आला नाही. १९३४ साली त्याला नव्या होडीच्या परवान्यासाठी अर्ज हवा होता. मास्तर ओटीवरच बसले होते. तो समोरून गेला, "राम राम मास्तर" म्हणाला, आणि अर्ज लिहून घ्यायला अलिबागेची वाट चालू लागला.