दुपारच्या बॅचचे विषय

माफ करा. लिहावं इतका मी कोणी मोठा नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. वडील बिलोलीकडे बांधकामावर मजुरी करतात. मी काय शिकतो ते त्यांना नीट सांगता येत नाही. "पोरगा सर हाय," एवढंच ते लोकांना सांगतात. आता लिहितोय ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

काय केलं मी? चोरी? मारामारी? नाही – तसं काही असतं तर कदाचित आधीच बोललो असतो. मी फक्त एक वाक्य बोललो. आणि मग दुसरं.

उदगीरला बी.ए. करताना मी एका क्लासमध्ये काम करायचो. शाळा सुटलेली, घरीच अभ्यास करणारी मुलं तिथं यायची आणि मुक्त शाळेकडून दहावीला बसायची. तिथं विषय निवडता येतात, गणित सोडूनही दहावी होते. कुणी कोणते विषय घ्यायचे, कोणत्या बॅचला बसायचं, ते मी ठरवायचो. गणित-विज्ञान संध्याकाळी, कारण ते शिकवणारे सर दिवसभर दुसरीकडे नोकरीला. दुपारी गृहविज्ञान, चित्रकला, भाषा. मुली बहुतेक दुपारीच. इंग्रजीच्या देशमुख मॅडम म्हणायच्या, "काय सर, विषय देऊन राहिलात का रेशन? आलेल्या पोरीच्या पिशवीत गृहविज्ञान टाकलं की झालं." मी हसायचो. बोचायचं, पण हसायचो.

नाझिया आली तेव्हा तिनं पिशवी पुढं केली नाही. आई आजारी पडली म्हणून तिची शाळा सुटली होती. वडिलांचं, गफूरभाईंचं, घरापुढच्याच खोलीत पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. ती त्यांच्याजवळ बसून कॉइल गुंडाळायची. तिला पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. म्हणजे गणित हवं, विज्ञान हवं. म्हणजे संध्याकाळची बॅच, मुलांमधली. "अब्बूंशी तुम्हीच बोला सर," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील."

इथं मला थांबावंसं वाटतं. आमच्या गावात बौद्धवाडा वेगळा आहे. नाव-गाव सांगितलं की समोरचा माणूस माझ्याबद्दल आधीच काहीतरी ठरवतो, हे मला लहानपणापासून कळतं. ते किती लागतं, तेही कळतं. आणि तरी – गफूरभाईंच्या दारात पोहोचायच्या आधी मी त्यांचं उत्तर ठरवून टाकलं होतं. दाढी, टोपी, दारावरचा पडदा. एवढं पुरलं मला.

त्यांनी हातातली मोटार खाली ठेवली, खुर्ची स्वतःच्या रुमालानं पुसली, चहा सांगितला. माझ्यासाठी खुर्ची पुसणारा तो पहिला माणूस. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "सर, ते गणित घ्यावंच लागतंय का वो?"

मला त्यात नकार ऐकू आला. होता का तो? साधा प्रश्न होता. पण मी वाद घालायच्या भीतीनंच आलो होतो, आणि ती खुर्ची, तो चहा – मला त्यांना नाराज करायचं नव्हतं. मी म्हणालो, "नाही, नाही. त्याच्याशिवायही पुढं जाता येतं."

"मग ठीक हाय. तुम्ही शिकलेले माणूस. तुम्ही म्हणाल तसं."

मी उठलो. चपला घालत होतो तेव्हा ते मागून म्हणाले, "मी तर म्हणलो व्हतो, लागत असंल तर सांजचं दुकान लवकर बंद करून रोज सोडायला येईन. पोरगी लई हुशार हाय."

तेव्हा मी काय करायला हवं होतं? मागं वळून एवढंच म्हणायचं होतं – चुकलो, गणित लागतं. पण चहा पिऊन झाला होता. आत्ताच 'नाही' म्हटलेला सर आता 'हो' म्हणणार? मी म्हणालो, "येतो." आणि निघालो.

पण खरी गोष्ट ही नाही. इतक्यावर थांबलो असतो तरी बरं होतं.

दुसऱ्या दिवशी नाझियानं विचारलं, काय म्हणाले अब्बू? मी तिच्याकडं न बघता सांगितलं, "नको म्हणाले."

ती रडली नाही, भांडली नाही. "बरं," म्हणाली आणि दुपारच्या बॅचला बसली. घरी जाऊन तिनं त्यांना विचारलंच नाही. का विचारेल? सर खोटं कशाला बोलतील?

तिनं दुकानात बसणं बंद केलं. काही महिन्यांनी गफूरभाई मला बाजारात भेटले. "सर, पोरगी माझ्याशी बोलत न्हाई आजकाल. अभ्यासाचा ताण असंल का?" मी म्हणालो, "हो, असेल."

ती चांगल्या मार्कांनी पास झाली. तरी एकदा विचारून बघावं म्हणून लातूरला पॉलिटेक्निकला गेली; गणित नाही म्हणून खिडकीवरूनच तिला परत पाठवलं. पुढं देगलूरला लग्न झालं. मी एम.ए.साठी नांदेडला आलो. तिला अजून काही सांगितलेलं नाही. सांगेन, असंही इथं लिहीत नाही.

गेल्या महिन्यात देशमुख मॅडमचा फोन आला. कुणाच्या तरी नोट्स हव्या होत्या त्यांना. बोलता बोलता म्हणाल्या, तुम्हाला कळलं का, गफूरभाई गेले. हार्ट अटॅक. मॅडम भेटायला गेल्या तेव्हा नाझिया देगलूरहून आलेली होती. ओट्यावर एकटीच बसली होती. मॅडमना म्हणाली, "मी इतकी वर्षं त्यांच्याशी नीट बोललेच न्हाई. का नको म्हणाले, तेवढं तरी त्यांनी एकदा सांगायचं होतं."

मी फोनवर "अरेरे" म्हणालो.